पेशीतली चरबी आणि ताटातलं तूप

त्या रविवारी मिस्टरांनी गॅसवरून दुधाचं पातेलं उघड्या हातांनी उचललं. सांडशी शेजारीच होती. मुलीशी बोलत, हसत ते पातेलं घेऊन टेबलापर्यंत आले. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली होती.

"काही लागलं नाही गं," ते म्हणाले.

एवढं भाजूनही त्यांना काही जाणवलं नव्हतं; त्यानेच मला धडकी भरली.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. ते चाकणच्या एका कंपनीत पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते, मी पिंपरीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रुग्णांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांच्या पातळ चकत्या कापून काचेवर रंगवायच्या आणि ती काच आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम. मिस्टरांच्या पाठीवरचे फिकट चट्टे, कानाच्या जाड, तुकतुकीत झालेल्या पाळ्या मला दिसल्या नव्हत्या असं नाही. मी कधी उन्हाला दोष द्यायची, कधी कंपनीतल्या तेलाला.

त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीचा छोटासा तुकडा काढला. तो आमच्याच लॅबमध्ये आला. चकत्या मीच कापल्या. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. फेसाळ पेशी! शिकताना पुस्तकात पाहिलेल्या, तशाच. प्रत्येक पेशी साबणाच्या फेसासारखी, आत गोल गोल भोकं. त्या जागी चरबीचे थेंब असतात; आम्हीच ते रसायनांनी धुऊन टाकतो, म्हणून भोकं उरतात. जंतूंसाठीच्या खास रंगाने रंगवलेल्या दुसऱ्या काचेवर तिथेच लाल काड्यांचे जुडगे दिसले.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कुणाचं आहे?"

"मिस्टरांचं."

त्यांनी मला खुर्ची ओढून दिली. "कुष्ठरोग आहे. बरा होतो, तुला माहितीये."

"पण मॅडम, एवढी चरबी?"

"या पेशींचं काम जंतू गिळून मारायचं. हा जंतू मरत नाही. उलट पेशीलाच चरबी साठवायला लावतो, तिच्यात लपतो, तिच्यावर जगतो."

माझ्या डोक्यात एवढंच बसलं. चरबीवर जगतो.

औषधं सुरू झाली. तरी मी त्यांचा कप वेगळा केला. मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपू लागले. घरातलं तूप, दूध, शेंगदाणे बंद केले. फोडणीला नावापुरतं तेल. त्यांना सांगितलं, पथ्य आहे. ते निमूट खायचे. घाबरलेला माणूस जास्त विचारत नाही, आणि तेव्हा मला ते बरंच वाटलं.

दोन-तीन आठवड्यांनी सासूबाई चाकणजवळच्या आमच्या गावाहून आल्या, तुपाची बरणी घेऊन. मुलाच्या ताटातली कोरडी भाकरी पाहून त्यांनी झाकण उघडलं. मी बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"अगं, काय झालंय तुला? गालफडं बसल्यात त्याची!"

"तूप नको, आई. जंतू त्यावरच वाढतात."

"कसलं जंतू?"

मी रोगाचं नाव सांगितलं. त्यांनी हातातलं झाकण ताटाशेजारी ठेवलं. मला वाटलं, आता गावभर होणार, उद्या मुलीला स्थळ मिळणार नाही. मुलगी सात वर्षांची होती! मग त्या म्हणाल्या, "त्याला औषीद हाय न्हवं? मग माझ्या लेकाला उपाशी का ठिवतीस?"

तरी मी बरणी कपाटात ठेवली.

चारच दिवसांनी सकाळच्या शिफ्टला ते चक्कर येऊन पडले. नशिबाने मशीनपासून लांब.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उतरलं होतं. एका गोळीने असं होऊ शकतं म्हणून ती बदलली. मग वजन पाहून मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना खायला काय देता?" मी सगळं सांगितलं, फेसाळ पेशींपासून.

ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "ताई, पेशीतल्या त्या चरबीचा खेळ जंतू करतो. ताटातलं तूप काढून तो थांबत नाही, माणूस तेवढा अशक्त होतो. आणि ते थेंब म्हणजे नुसतं जंतूचं खाद्य नव्हे. दुसरे काही जंतू शिरले, की पेशी त्याच थेंबांवर जंतू मारणारी प्रथिनं आणून ठेवते, असंही आता दिसलंय. यांना पोटभर जेवू द्या. कपही वेगळा नको. घरातल्या सगळ्यांना मात्र एकदा तपासायला आणा."

घरी येऊन मी मिस्टरांना खरं सांगितलं. "पथ्य वगैरे काही नव्हतं. मी घाबरले होते."

"मला वाटलं, तुला आता माझी किळस येते," ते म्हणाले.

ते वाक्य मला त्या काचेपेक्षा भयंकर वाटलं. त्या दुपारी आम्ही एकाच ताटात जेवलो. घास घेताना माझा हात अडखळत होता, हेही खरं. भीती इतक्या लवकर जात नाही.

औषधं वर्षभर चालली. चट्टे पुसट झाले, पण त्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. सुपरवायझरला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. आता ते तयार मालाच्या तपासणीला असतात. डॉक्टरांकडच्या तपासणीत मुलगी नीट निघाली. तरी तिला अंघोळ घालताना एखादा ठिपका दिसला, की मी तिला डोळे मिटायला लावते आणि तिथे बोट टेकवते.

"कळतंय का गं?"

ती "हो" म्हणेपर्यंत मी बोट उचलत नाही.