काकूंचा खोटा मासा

डावा तळवा समोर उभा धरायचा, ट्रॅफिक पोलिसासारखा, आणि म्हणायचं, "आता काही करू नको." तुम्ही काकूंना एकदा जरी भेटला असतात, तरी तो तळवा तुम्हाला दिसलाच असता. मला तर तो रोज दिसे. सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या ऑफिसात अकाउंट्समध्ये त्या माझ्या वरिष्ठ, आणि बुकित बातोकला आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. ऑफिसात त्यांना मॅडम म्हणायचं आणि संध्याकाळी ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शिरलं की काकू.

सार्सची साथ ओसरली त्या वर्षी मी सिंगापूरला गेलो. पहिल्याच रविवारी काकूंनी मला सकाळी सकाळी उठवून रिझर्व्हायरवर नेलं, मासे पकडायला. सोबत त्यांचे यजमान. काका पुण्याचे, पक्के शाकाहारी. ते पाण्याकडे पाठ करून बाकावर बसायचे. "मी फक्त थर्मास सांभाळायला येतो," असं त्यांनी मला आपणहून सांगून टाकलं.

काकू मालवणच्या. लहानपणापासून कोळंबी लावून गळ टाकलेल्या. इथे जिवंत आमिषाला बंदी आहे हे कळल्यावर त्या आधी भयंकर चिडल्या होत्या. मग त्यांनी जर्कबेट आणलं. म्हणजे बोटभर लांबीचा, प्लॅस्टिकचा खोटा मासा. पाण्यात फेकायचा आणि रॉडला दोन झटके द्यायचे, की तो जखमी माशासारखा तडफडतो. मग थांबायचं, अगदी स्तब्ध. पीकॉक बास नावाचा एक पिवळाधमक दांडगा मासा मागे टपलेला असतो, तो नेमकी या थांबण्यात झडप घालतो. मला ते थांबणं कधीच जमलं नाही. मी आपला झटक्यावर झटके देत राहायचो.

"थांब रे मेल्या!" काकू ओरडायच्या. "त्याला खायला वेळ दे की!"

धरलेला मासा त्या सोडून द्यायच्या. शेजारी गळ टाकून बसणारे एक चिनी अंकल फार हळहळायचे. "आंटी, सो बिग, व्हाय नेव्हर टेक होम?"

"नो टेस्ट लाह, अंकल," काकू म्हणायच्या. मग माझ्याकडे वळून, "गोड्या पाण्यातला मासा खाण्यापेक्षा ह्यांच्याबरोबर दुधीभोपळा खाईन." भूतदया वगैरे काही नव्हती त्यात. शुद्ध मालवणी माज होता.

ऑफिसातही त्यांचं तेच, थांबायचं. साहेबांनी माझी रजा नाकारली तेव्हा मी तिरीमिरीत राजीनामा लिहून काढला. तळवा समोर आला. "दोनदा सांगून झालं ना त्यांना? आता काही करू नको." तिसऱ्या दिवशी साहेबांनी आपणहून बोलावून रजा दिली. मी त्या नोकरीत पुढे बरीच वर्षं टिकलो.

चार-पाच वर्षांनी काकू पँट्रीत चहाचा मग दोन्ही हातांनी धरायला लागल्या. आम्हाला वाटलं, एसी फार गार आहे. पण रिझर्व्हायरवर ते लपेना. उजवा हात थरथरत होता. झटके झकास बसत, पण थांबायच्या वेळी तो खोटा मासा पाण्यात हलतच राही. खरा मासा मागोमाग यायचा आणि वळून निघून जायचा.

डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव त्यांनी मला सहज सांगितलं. मग म्हणाल्या, "नोकरी सुटली तर सुटली. पण हे सुटलं तर मी रविवारचं करू काय रे?"

सहा-सात रविवार एकही मासा लागला नाही. मग एका सकाळी काकूंनी रॉड बाजूला ठेवली आणि नुसत्या बसून राहिल्या. काका बाकावरून उठले आणि पहिल्यांदाच पाण्यापर्यंत आले.

"तू झटके दे," ते म्हणाले. "थांबायचं मी बघतो."

काकूंनी दोन झटके दिले. काकांनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "आता?"

"आता काही करू नका."

आणि मासा लागला! रॉड वाकली, काकू ओरडायला लागल्या, "अहो, सोडा! हात सोडा!" पण काका आज्ञाधारक माणूस, पहिलाच हुकूम पाळत त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं. मासा गेला. काकू हसता हसता रडायला लागल्या. मी तोंड फिरवलं, कारण मला हसू येतच नव्हतं.

पुढच्या रविवारी मासा निघाला. मग दोन वर्षं ते दोघे मिळून एकच रॉड चालवत होते. चारचौघांत बायकोच्या शेजारीसुद्धा न बसणारे काका, चिनी अंकलच्या देखत तिचा हात धरून उभे असायचे.

मग ते मालवणला परत गेले. काका दर रविवारी सकाळी फोन करायचे आणि खाडीवर काय लागलं ते सांगायचे. पुढे थरथर कमी झाली, पण हात ताठ होत गेला. काकूंचं बोलणंही कमी झालं.

एका रविवारी काकांचा फोन दुपारी आला.

"आज तिला झटकाच देता आला नाही रे."

"मग?"

"मग काय? मी मनगट धरलेलंच होतं. ऊन चढेपर्यंत धरून बसलो."