घरमालकांचा दुसरा नंबर

चौकशीला आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणून परत पाठवणं आमच्या घरमालकांना उभ्या जन्मात जमलं नाही. एसटीत कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी जालना जिल्ह्यातल्या स्टँडांवर गेली. घनसावंगीला खिडकीशी उभ्या माणसाला, गाडी डेपोतून निघालेलीसुद्धा नसताना ते शांतपणे सांगत, “अंबड सोडलंय. येऊन राह्यली. सावलीत बसा.” माणूस खरोखर सावलीत बसायचा. रिटायर झाल्यावर खिडकी गेली, पण सवय राहिली. नळाला पाणी कधी येणार, असं शेजारणीनं विचारलं की “टाकीवरून निघालंय” म्हणत, आणि बाई हंडे मांडून बसायची. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, आजऱ्याकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, इथं जालन्यात सळईच्या कारखान्यात भट्टीवर लागलेला. खोली विचारायला गेलो तेव्हा खोलीत आधीचा भाडेकरू जेवत होता. “ते निघालेच हायेत, तुम्ही ट्रंक आत घ्या,” काका म्हणाले. मग तो भाडेकरू आणि मी बरेच दिवस एकाच चटईवर झोपलो.

काकू जाऊन वर्षं झाली होती. काका मधल्या खोलीत फोनशेजारी बसून असत. घंटी वाजली की आधी टोपी घालायची, मग रिसीव्हर उचलून “चौकशी” म्हणायचं, असा त्यांचा रिवाज. माझ्या सासुरवाडीला किराणा दुकानात फोन होता, आणि निरोप यायचा तो काकांच्या नंबरावर. बायको माहेरी होती, दिवस भरत आले होते. पहिलं मूल आमच्या हाती लागलं नव्हतं. म्हणून मी भट्टीपुढं उभा असलो तरी जीव त्या फोनपाशी असायचा.

नेमका तेव्हाच फोन दिवसभर वाजायला लागला. कोणी बाई विचारायची, “सिलेंडरचा नंबर लावून किती दिवस झाले, कधी यायचं?” काका क्षणाचाही विचार न करता सांगायचे, “अंबड सोडलंय.” मी म्हणालो, “काका, राँग नंबर म्हणा आणि ठेवा.”

“राँग कसा? ते बराबर फिरवून राह्यले. तुम्ही कोपऱ्यावरच्या बूथवर जा आणि आपला न् गॅस एजन्सीचा, दोन्ही नंबर लावून बघा.”

मी आधी घरचा नंबर लावला. “चौकशी.” मग गॅस एजन्सीचा लावला. “चौकशी,” पुन्हा काकाच, आवाजात आनंद मावत नव्हता. “ते बी इथंच! एका घराला दोन नंबर. असले फोन कलेक्टरकडं असतेत.”

मग दोष शोधायला काका छत्री घेऊन निघाले. प्रत्येक खांबाखाली थांबून वर बघायचे, आणि ते बघतात म्हणून मागून येणारेही थांबून वर बघायचे. लिंबाच्या झाडाजवळ सापडलं. एजन्सीची तार तुटून आमच्या तारेला जाऊन चिकटली होती. लाईनमन आला, खांबावर चढून उतरला आणि म्हणाला, “दोन्ही बंद करावे लागतेल. नवीन केबल आली की जोडतो.”

“केबल कधी येईल?”

“औरंगाबादहून निघालीये.”

काका त्याच्याकडं बघत राहिले. असं उत्तर देणाऱ्याला ते आतून-बाहेरून ओळखत होते. त्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “मंग राहू द्या तसंच. आमच्या कोल्हापूरकराचं बाळंतपण होऊ द्या.”

पण लाईन एंगेज राहून कसं चालेल? काका प्रत्येकीला सांगू लागले, “जल्दी ठेवा ताई, बाळंतपणाच्या फोनची वाट बघून राह्यलो.” याचा परिणाम उलटाच झाला. आता बायका सिलेंडर सोडून माझ्या बायकोचीच चौकशी करायला फोन करू लागल्या. तिला डिंक द्या, घाबरू देऊ नका. एक खालाजान तर रोज सकाळी विचारायच्या, “भाईसाब, खुशखबर आई क्या? और हमारी टंकी?”

एका संध्याकाळी मी दारात होतो. पलीकडून कोणी तरी बाळंतपणाचं विचारलं असावं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, “माहीत न्हाई, बाई.” मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या तरी लुनावर मागं बसून कारखान्याच्या गेटवर आले. वॉचमननं अडवलं, तेव्हा गेटच्या गजातून, भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून, स्टँडवर देत तसा त्यांनी पुकारा केला, “आजऱ्याकडच्या पाव्हण्यांनी इकडं लक्ष द्यावं. मुलगी झाली. माय-लेकरू दोघी बऱ्या हायेत.”

मी धावत गेलो, पण माझा विश्वास बसेना. या माणसानं न सुटलेल्या गाड्यासुद्धा अंबडच्या पुढं आणलेल्या. गजाला धरून मी म्हणालो, “काका, खरं सांगा.”

त्यांना राग आला नाही. “तुम्ही हेच विचारणार, मला ठाऊक होतं. म्हणून सासूबाईंकडून खूण घेऊन आलो. पोरीची डाव्या हाताची करंगळी वाकडी हाय. बापावर गेली म्हणे.”

माझी करंगळी काकांनी कधी नीट पाहिलेलीही नव्हती. मी ती मुठीत धरली.

पुढं लाईन दुरुस्त झाली. दुसरा नंबर एजन्सीकडं गेला. एजन्सीतल्या पोरांना म्हणे बरेच दिवस ‘बाळंतीण कशी आहे’ असे फोन येत, आणि ती पोरं चक्रावून जात. आमच्याकडं मात्र फोन दुपार-दुपार मुका असायचा, काका टोपी घालून नुसतेच बसलेले. पोरीला घेऊन आम्ही आलो तेव्हा मधल्या खोलीच्या छताच्या तुळईत एक नवीन कडी ठोकलेली होती, आणि तिला काकूंच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली.

“तुमच्या खोलीचे पत्रे तापतेत,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “दुपारचं इथं निजू द्या तिला.”

पोर निजली. काका झोळीची दोरी धरून बसले. तेवढ्यात फोन वाजला. ते उठले नाहीत.

“बघा कोण हाय ते,” म्हणाले. “माझ्या हातात दोरी हाय.”