उत्तरं: एक

आमच्या गावच्या समाराधनेला काळ्या वाटाण्याचं सांबारं माझे बाबा करतात. चाळीस वर्षं तेच करतात. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, त्यामुळे मीठ त्यांच्या अंदाजाने पडतं. तोंडावर नाक मुरडायची कुणाची हिंमत नाही, कारण निम्म्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलंय. यंदा देवस्थान समितीने ठरवलं, समाराधनेआधीच दरवर्षीच्या जेवणाबद्दल लोकांचं मत घ्यायचं, पण नाव न विचारता. मी घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते, म्हणून हे झेंगट आपसूक माझ्या गळ्यात पडलं. लोकांनी मोबाईलवर फॉर्म भरायचा आणि उत्तरांचे आलेख आणि शेरे एका वेबपानावर दिसायचे, एवढंच करायचं होतं.

आई फॉर्म भरायला तयार नव्हती. "माझा नाव खंय दिसाचा नाय मा?" तिने तीनदा विचारलं. कुणालाही कळणार नाही, असा मी छातीठोकपणे शब्द दिला. मग ती फोन घेऊन मागच्या पडवीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

पान तयार झाल्यावर तपासायला मला असा माणूस हवा होता, जो कुठेही बोट लावेल. बाबांइतका लायक उमेदवार जिल्ह्यात नव्हता. चष्मा चढवून त्यांनी आधी शीर्षकातल्या वेलांटीची चूक काढली. मग तिखटाच्या आलेखाला तांबडा रंग का नाही, म्हणून झाडलं. तपासणीसाठी मी भरलेलं 'अबक' हे उत्तर पुसायचं राहिलं होतं, तेही त्यांना सापडलं. मी खूश होते.

त्यानंतर ते पानावरच्या वाडी, स्त्री-पुरुष, वय या पर्यायांनी उत्तरं गाळायला लागले. वाडी निवडली, आमची. आलेखाचे पट्टे आखडले. स्त्रिया निवडल्या, आणखी आखडले. वय निवडलं, साठीच्या पुढे. पानावर आलं, 'उत्तरं: एक'. आमच्या वाडीत साठीपुढच्या बायका पुष्कळ, पण मोबाईलवर फॉर्म भरलेली एकच, आणि आपण फॉर्म भरल्याचं ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होती. खाली शेरा होता, 'सांबाऱ्यात मीठ जास्त. सांगान फायदो नाय.'

नाव तेवढं दिसत नव्हतं, बाकी आई अख्खी दिसत होती. इतकं गाळलं की शेवटी एकच माणूस उरणार, हे मला सुचायला हवं होतं. मला माझाच राग आला.

"ही तुझी आवस," बाबा म्हणाले. "माका बरा झाला म्हणता, आणि हंय असा लिवता."

"बाबा, आयेक सांगू नकात. मियां तिका शब्द दिलंय."

ते चष्मा पुसत बसले. त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं.

त्याच दुपारी मी नियम घातला. पाचपेक्षा कमी उत्तरं उरली तर काहीच दाखवायचं नाही. बाबांनी पुन्हा तेच तीन पर्याय निवडले. 'उत्तरं कमी असल्यामुळे दाखवता येत नाहीत,' असं आलं. "आता बरा," ते म्हणाले आणि न जेवताच आडवे झाले.

समाराधनेच्या दिवशी आई देवळामागे बायकांबरोबर केळीची पानं पुसत होती, मीही तिथेच होते. चुलीकडून बाबा आले. हातात मिठाचा वाडगा. तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "येवढा पुरे काय गो?"

बायकांचे हात थांबले. आईने वाडग्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग हात घालून चांगलं मूठभर मीठ काढलं आणि पुसलेल्या पानावर ठेवलं. बाबा वाडगा घेऊन मुकाट्याने परत गेले.

आई माझ्याकडे वळली. "नाव दिसाचा नाय म्हटलेलंस मा?"

मी वाडी, वय, पाचाचा नियम असं काहीबाही सांगायला लागले. ती ऐकत नव्हती. चुलीच्या दिशेने बघत होती.

"रवांदे," ती म्हणाली. "चाळीस वर्सांनी विचारल्यानी."