मुंजाबाची बंडी

वेरूळजवळच्या वस्तीवरची आशा कार्यकर्ती विशाखा नवजात बाळांच्या ट्रेनिंगला फक्त पहिला दिवस गेली. दुसऱ्या दिवशी वरच्यांनी तिला सर्वेक्षणाला जुंपलं. जेवढं शिकली तेवढं तिनं बाळंतीण सृष्टीच्या घरी सांगितलं: सातव्या महिन्यात झालेलं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरायचं, त्याची ऊब मोडू द्यायची नाही.

चौथ्या दिवशी सृष्टी तापानं फणफणली. जन्म मेंढरांमागं गेलेला सासरा मुंजाबा पुढं झाला. "माझ्याकडं द्या. अशी लई कोकरं अंगातल्या बंडीत, छातीशी घालून जगवली म्या."

"लेकरू हाय ते आबा, कोकरू नाय!" विशाखा फटकन बोलली. बाळ दुपट्यात गुंडाळून तिनं अँब्युलन्सला फोन लावला. गाडी तासाभरानं आली. तोवर बाळ गार पडलं, ते पडलंच.

महिन्याभरानं राहिलेलं ट्रेनिंग झालं. नर्सबाई सांगत होत्या, "आई आजारी असली तर बाप, आजी, आजोबा, कुणीही छातीशी धरावं."

विशाखा तिथून तडक मुंजाबाकडं गेली. त्याच्या बंडीतून एक अशक्त कोकरू तोंड काढून बघत होतं.

"ये ताई. काय नवं शिकवलं का?"

"नाय, आबा," विशाखा म्हणाली. "काय नाय."