वस्तादांना झोप शिकवली

आमच्या घरात कुस्ती खेळायचा भाऊ, पण एक कुस्ती मी जिंकले, आणि हे मी छाती फुगवूनच सांगणार. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार असेल. सांगलीपासून कोसावर, कृष्णाकाठचं आमचं गाव. मी मॅट्रिक झालेली, लग्नाची बोलणी चाललेली, आणि तोवर घरात माझं काम एकच होतं: भावाचा खुराक. बदाम, खसखस, बडीशेप पाट्यावर वाटून थंडाई करायची आणि तालमीच्या पायरीपर्यंत पोचवायची. पायरीच्या आत बाई माणसानं जायचं नाही. तांब्या ठेवायचा आणि मागं फिरायचं.

भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. अंगानं असा की गावातल्या म्हाताऱ्या त्याची दृष्ट काढायला आपणहून यायच्या. पण त्या हंगामात तो लागोपाठ दोन कुस्त्या हरला, त्याही त्याच्याहून हलक्या गड्यांकडून. वडील फार बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "शिराळ्याकडची कुस्ती हरलास तर लांग खुंटीला. उद्यापास्नं उसात चल." उसात जाण्याला भाऊ भ्यायचा नाही. पण लांग खुंटीला, म्हणजे कुस्ती कायमची बंद, हे ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं.

हातपाय चांगले, डाव येतात, मग हरतो का? मला कळेना. मग एक दिवस त्याचे कपडे धुताना खिशात गोळ्यांची बाटली सापडली. तिच्यावर दंड फुगवलेल्या एका गोऱ्याचं चित्र होतं. सांगलीच्या बाजारात कुणीतरी त्याला विकली होती. मी विचारलं तेव्हा तो अगदी भक्तिभावानं सांगायला लागला. "ह्या गोळीनं अंगात वाढीचा रस सुटतो, आक्के. एका गोळीत चार तासांची झोप हाय. मेहनतीचा शीण लगोलग जातो."

म्हणजे आमच्या पैलवानानं काय केलं, तर गोळी घेतली की झोप झालीच असं धरून पहाटे तीनला उठून जादा बैठका सुरू केल्या. दुपारीही निजायचा नाही. गोळी घेऊन झोपही घ्यावी, तर पैसे वाया जातील की! असा हिशेब आमच्याच मुलखात होऊ शकतो. सगळ्यांना वाटलं, गडी काय मेहनत करतोय. मला मात्र त्याचे लाल डोळे दिसत होते, आणि पायरीवर येऊन तांब्या घेताना थरथरणारा हात दिसत होता.

मी बाटली पदरात बांधली आणि एसटीनं सांगलीला डॉक्टरांकडे गेले. घरी सांगितलं, साडीला पिको करायला जाते. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बाटलीवरचं सगळं वाचलं आणि हसले.

"असा रस शरीरात असतो, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण तो तोंडानं घेऊन काही उपयोग नाही, पोटात गेला की डाळीसारखा पचून जातो. आणि या बाटलीत तो आहे, हे तरी कुणी पाहिलंय? माणसाच्या अंगात तो सुटतो गाढ झोपेत. तुमचा भाऊ झोपतो किती?"

मी बोटांवर मोजून सांगितलं, "चार तास."

"मग माझ्याकडे कशाला आलात? त्याला झोपवा."

एसटीतून येताना माझं डोकं तापलेलं होतं. घरी आले आणि सगळ्या गोळ्या उकिरड्यात ओतल्या. भाऊ ओरडला, पाय आपटले, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण खरी अडचण वेगळीच होती. कुस्ती ठरली की पैलवानानं तालमीतच राहायचं, हा रिवाज. तिथं दहा-बारा गडी, पहाटेपासून दणदण, दुपारी पत्ते आणि थट्टामस्करी. झोप लागणार कुठून? म्हणून मी वस्तादांकडे गेले. पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, कुस्तीपर्यंतचे तीन आठवडे तो मेहनत तालमीत करील, झोपेल घरी.

वस्तादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चुलीजवळ झोपला की पैलवान मऊ पडतो, पोरी. लय बघितल्यात तसले."

"आवं वस्ताद, आत्ता तुमच्याजवळ झोपून दोन हरला की."

आत कुणीतरी हसलं. वस्ताद लाल झाले. मग म्हणाले, "ने. पर पडला, तर तुझ्यामुळं पडला, असं मी चारचौघांत सांगीन."

"सांगा," मी म्हटलं. वाटेत मात्र मनात आलं: ठरत आलेलं लग्न, आणि गावभर असा बोभाटा झाला असता तर?

पुढचे तीन आठवडे मी राखणदार झाले. मागच्या खोलीला गोणपाट लावलं. बोहारणीला, कल्हईवाल्याला गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवलं. शेजारी जैन काकांची पिठाची गिरणी, तिचं इंजिन भिंत हादरवायचं. काकांना म्हटलं, दुपारी दोन तास बंद ठेवा. ते म्हणाले, गिऱ्हाईक काय म्हणेल? मी म्हटलं, गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवा. दोघी-तिघी आल्या, भांडून गेल्या, आणि चौथ्या दिवसापासून सकाळीच दळण आणायला लागल्या.

भाऊ सुरुवातीला आढ्याकडे बघत पडून राहायचा. "बायकांसारखं दिवसा निजायचं व्हय?" म्हणायचा. पाचव्या दुपारी मात्र त्याच्या घोरण्यानं मीच दचकले. दाराशी बसून मी ते घोरणं ऐकत राहिले, आणि खरं सांगते, मला गाण्याहून गोड वाटलं. रात्रीही तो नवाच्या आत आडवा व्हायचा. दहा-बारा दिवसांत डोळे निवळले. तांब्या एका हातात घट्ट धरायला लागला.

शिराळ्याकडच्या मैदानात बायका जात नसत. त्या दिवशी मी दळलं, कांडलं, सारवलं. हरलेला गडी मागच्या वाटेनं गुपचूप येतो, जिंकलेला हलगी लावून. उन्हं उतरली तरी काहीच ऐकू येईना. मी देवाला नाही, वस्तादांना घाबरले होते. मग ओढ्यापलीकडून हलगी वाजली, आणि मी सारवलेल्या जमिनीवर ओल्या हातानं तशीच बसून पोटभर रडले.

समोरचा जोड जावळीकडचा होता, मेढ्याच्या डोंगरातला दमदार गडी. कुस्ती फार वेळ चालली म्हणे. शेवटी धाप लागली ती त्याला. आमच्या भावानं घिस्सा मारून त्याला अस्मान दाखवलं. गावानं फेटा भावाला बांधला, तालमीचं नाव निघालं, थंडाईचं कौतुक झालं. झोपेचं नाव कुणी काढलं नाही. मी आतून धुमसत होते.

दोन दिवसांनी सकाळी वस्ताद आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. वडील शेतात गेलेत, असं मी सांगितलं.

"त्यांच्याकडं काम न्हाई," ते म्हणाले. त्यांची नजर जमिनीवर होती. "तुझ्याकडं हाय. तालमीत आणखी सात पोरं हायत. त्यांस्नी कवा निजवायचं, कवा उठवायचं, तेवढं मला सांग. मला ह्यातलं येत न्हाई."

मी त्यांना बसायला घोंगडं टाकलं आणि सांगितलं. संध्याकाळी लवकर जेवण, नवाला दिवा बंद, पाचाच्या आत कुणाला हाक नाही, दुपारी दोन तास पत्ते नाहीत. पन्नास वर्षं लाल मातीत घालवलेला तो माणूस बोटांवर मोजत माझ्यामागं एकेक म्हणत होता, आणि दुपारचं चुकलं तेव्हा म्हणाला, "थांब, पुन्यांदा सांग."