बावीस वर्षांत एकही खाडा नाही

पेणला कमळाकर म्हात्र्याच्या घरात देवांच्या तसबिरींच्याही वर एक फ्रेम होती. ‘बावीस वर्षांत एकही खाडा नाही.’ रोह्यातल्या रसायनांच्या कंपनीने यंदाच शाल-नारळासोबत दिलेली. आल्यागेल्याला चहाच्या आधी ती दाखवली जायची. आणि ती चक्क खोटी होती.

कमळाकरचं काम तसं सोपं. रोज संध्याकाळी सहाला कॉम्प्युटरमधल्या दिवसभराच्या नोंदी टेपवर उतरवायच्या आणि वहीत सही करायची; तीच त्याची हजेरी. सात वारांच्या सात टेपा. या मंगळवारची टेप पुढच्या मंगळवारी पुसून पुन्हा लावायची. पण गणपतीच्या आधीचे पाच दिवस हा गडी रोह्यात नसायचाच. भावाच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला त्याच्याएवढा स्थिर हात दुसरा नव्हता, आणि रजा मागितली तर साहेब देणार नव्हते. मग पाच सह्या आधीच ठोकून तो पेणला बसायचा. टेप लावायचा पुलापलीकडच्या अष्टमी गावचा मन्सूर, कंपनीचा वॉचमन. ईदला मन्सूरच्या गेटवर कमळाकर.

मन्सूरला मात्र लिहिलेलं पुसायचा धीर होत नसे. तो दरवर्षी कपाटातल्या कोऱ्या टेपा काढायचा, वर उर्दूत तारीख घालायचा आणि काम झालं की कमळाकरच्या लॉकरमध्ये टाकायचा. कमळाकर हसायचा, पण फेकायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच पाच दिवसांतल्या मंगळवारी, सहाच्या सुमाराला प्लांटमध्ये गॅस सुटला आणि जितेश नावाचा ऑपरेटर जागीच गेला. कंपनी म्हणाली, सायरन वाजला होता, यानेच दुर्लक्ष केलं. त्याची बायको प्रतिक्षा कोर्टात गेली. खटला रखडत रखडत यंदा हुकूम निघाला, त्या दिवशीची सायरनची नोंद बॅकअपमधून काढून हजर करा.

मग तमाशा सुरू झाला. मॅनेजर हरेशसाहेबांनी मुंबईहून तीन तज्ज्ञ आणले. गळ्यात पट्टे, पाठीवर सॅक, तोंडात इंग्रजी. तीन दिवस एसीत बसले, कोलंबीचं कालवण ओरपलं आणि साठ पानी अहवाल देऊन गेले. मंगळवारची टेप नियमाप्रमाणे पुसली गेली आहे, नोंद मिळणे शक्य नाही. रोज टेप लावणारा माणूस दाराबाहेर स्टुलावर बसला होता. त्याला एकानेही काही विचारलं नाही. विचारतील कशाला? तो मराठी बोलत होता.

कमळाकरनेही तोंड उघडलं नाही. टेप लॉकरमध्ये आहे हे त्याला ठाऊक होतं. पण तिच्यावरची तारीख उर्दूत. ती बाहेर काढली की सही खोटी, फ्रेम खोटी, आणि निवृत्तीला आठच महिने राहिलेले. वा रे पठ्ठ्या! मेलेल्या माणसावर ठपका राहिला तरी चालेल, भिंतीवरची काच शाबूत पाहिजे.

पण हरेशसाहेबांचं एवढ्यावर भागेना. त्यांनी कमळाकरला बोलावून खुर्ची दिली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

“सहा वाजता तुम्ही तिथेच होता. सही आहे तुमची. सायरन ऐकला, एवढंच कोर्टात सांगायचं.”

कमळाकर मान हलवून उठला आणि तडक पूल ओलांडून अष्टमीला मन्सूरकडे गेला. मन्सूर आता निवृत्त होऊन घरीच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तिथं मी होतो कमळाकर, तू नाय. सायरन वाजला नाय. आन् ती टेप जपून कशाला ठेवलीस रे, लोणचं घालायला?”

“नोकरी जाईल, मन्सूरभाय.”

“जाईल. त्या पोरीचा घरवाला गेला हाय.”

तारखेच्या दिवशी कमळाकर साक्षीला उभा राहिला. साहेब पुढच्या बाकावर मिशीत हसत होते. कमळाकरने पिशवीतून टेप काढून समोर ठेवली.

“सही माझी हाय, पण मी तिथं नव्हतो. पेणला गणपतींचे डोळे आखत होतो. ही टेप मन्सूरने लावली. त्याला पण बोलवा.”

साहेबांचं हसू कुठल्या कुठे पळालं. कोर्टाने नेमलेल्या माणसाने टेप वाचली. सायरन त्या दिवशी सकाळपासूनच बंद करून ठेवला होता. सारखा वाजतो, काम थांबतं, म्हणून. मन्सूरनेही साक्ष दिली आणि जितेशच्या नावावरचा ठपका पुसला गेला. प्रतिक्षा कमळाकरच्या पायाशी वाकायला लागली, तर तो शरमेने मागे सरला. घरी जाऊन त्याने फ्रेम आपल्या हाताने उतरवली.

चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. खोट्या सह्या केल्याबद्दल नोकरीवरून कमी. सोबत पुरावा म्हणून बावीस वर्षांतल्या गणपतीआधीच्या पाच-पाच दिवसांच्या हजेरीची पानं जोडली होती. तीन तज्ज्ञ लावून ज्यांना एक मंगळवार सापडला नव्हता, त्यांना हे सगळं एका दुपारीत सापडलं. कमळाकरने पानं मोजून पाहिली. एकही गहाळ नव्हतं.