देशी धानाच्या पेंढ्या

खुनाच्या कितीतरी फायली विसरलो, पण धानाच्या पेंढ्यांचं ते प्रकरण काही मनातून जात नाही. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी साकोली भागात फौजदार होतो. भातावर संशोधन करणारा एक तरुण घाबराघुबरा ठाण्यात आला. त्याने तयार केलेला नवा वाण आणि गावचा देशी वाण शेजारी-शेजारी लावून तो दोन्हींचं उत्पन्न तोलणार होता. नवा सरस ठरला तर त्याचंच बियाणं शेतकऱ्यांना मिळणार होतं. पण खळ्यावर देशीच्या पेंढ्या रोज कमी भरत होत्या.

"पेंढ्यांची चोरी?" ठाणे अंमलदार फिदीफिदी हसला. त्याला दटावलं. मीही धान पिकवणाऱ्याचाच पोरगा.

खळ्याजवळच्या चहावाल्याने खबर दिली की, त्या तरुणाच्या हाताखालचा म्हातारा गडी सकाळी सगळ्यांच्या आधी खळ्यावर असतो. पंचनाम्याला गेलो आणि दोन्ही ढीग उपसायला लावले. देशी धानाला लांब कुसळं, नव्याला नाहीत. नव्याच्या ढिगात, अगदी मधोमध, कुसळांच्या पेंढ्या निघाल्या! अहो, चोर माल घरी नेतो, याने शेजारच्या ढिगात नेला होता.

म्हाताऱ्याला ठाण्यात त्या तरुणासमोर बसवून चहा पाजला. आवाज चढवावाच लागला नाही.

"मी चोरलो नाही जी. इकडचं तिकडं केलो."

"काहून?"

"सायबाचं धान कमी भरून राहिलं होतं. माझ्यासंगं चिखलात उतरते, माझ्या घरी जेवते. लेकराचं हसू झालं असतं जी."

मला गलबलून आलं. तो तरुण मात्र पांढराफटक पडला. "बाबा, मागच्या सालीही?"

"थोडक्याच जी."

मागच्या सालच्या आकड्यांवरच तर त्याची वाहवा झाली होती! मी म्हणालो, "जाऊ द्या, चोरी तर झालीच नाही. कागदावर कशाला आणता?"

"साहेब, या बियाण्यावर कुणाचं तरी वर्ष बुडेल." त्याने माझ्याच टेबलावर वरिष्ठांना पत्र लिहिलं: दोन्ही वर्षांचे निष्कर्ष रद्द समजावेत, राखण न ठेवल्याचा दोष माझा. म्हाताऱ्याचं नावही घातलं नाही.

लोभापायी केलेली लबाडी मी चटकन ओळखायचो. मायेपायीही माणूस तेवढीच करतो, हे त्या दिवशी कळलं. पोलिसाने तिकडेही बघावं.

म्हातारा रडतच म्हणाला, "आता कसं जी?"

"पुन्हा लावू. अन् या खेपेला माझं धान हरलं, तर हरू द्या, बाबा."